उलटा शिक्का

गिफू, २० जानेवारी

इसोबे-सान यांस,

पत्राची सुरुवात थंडीची चौकशी करून करायची असते. पण यंदा आपल्या कंपनीत थंडीचं नाव काढायचीही चोरी झाली आहे, तेव्हा सरळ कामाचं लिहिते.

चौदा तारखेच्या बसबद्दल मला अहवाल लिहायचा आहे. बरोबर एक महिन्याने, चौदा फेब्रुवारीला, संचालकांची बैठक आहे आणि कात्सुरागी साहेबांना तो त्या दिवशी टेबलावर हवा. काय झालं, का झालं आणि कोणामुळे झालं, एवढंच त्यात लिहायचं. काय झालं ते तर आता गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वर डोंगरातल्या शिरातानिहून पावणेसातला निघालेली आपली बस एकतीस कामगारांसह खिंडीत बर्फात रुतली आणि दुपारी चारला बाहेर निघाली. का झालं, याचं उत्तर साहेबांनीच मला तयार करून दिलं आहे: ‘अनपेक्षित हिमवृष्टी’. आणि कोणामुळे, त्या ओळीत त्यांना तुमचं नाव हवं आहे. वरच्या कारखान्याचे प्रमुख तुम्ही, आणि फर्निचरच्या पॉलिश-जोडणीचं खातं खाली आणून माणसांची बसने ने-आण करायच्या योजनेवर तुमच्या नावाचा शिक्का आहे, असं त्यांचं म्हणणं.

सतरा तारखेच्या चौकशीत साहेबांनी तो मंजुरीचा कागद तुमच्यापुढे सरकवला आणि शिक्का तुमचाच ना, असं विचारलं. तुम्ही कागदाकडे बराच वेळ बघत होतात. मी समोरच बसले होते. मग तुम्ही म्हणालात, ‘माझाच आहे.’ त्यावर साहेबांनी तुम्हाला निकाल लागेपर्यंत घरी थांबायला सांगितलं.

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून हे पत्र. गेल्या दहा वर्षांत खिंड हिवाळ्यात किती दिवस बंद होती याची नोंद तुमच्याकडे असल्यास कृपया पाठवावी. प्रकृतीस जपावे.

नाओए फुमि
बदल प्रकल्प कक्ष, मुख्य कार्यालय


गिफू, २४ जानेवारी

इसोबे,

वीस तारखेच्या पत्राची प्रत आज वाचली आणि माझी मलाच लाज वाटली. ‘कृपया पाठवावी’ काय, ‘प्रकृतीस जपावे’ काय. एकोणतीस वर्षं ज्याला अरे-तुरे केलं त्याला मी एकाएकी अहो-जाहो करायला लागले, ते आदराने नाही, भीतीने. तुला ते पहिल्या ओळीतच कळलं असणार.

आपण एकाच एप्रिलमध्ये लागलो ते बावीस जण होतो. आता कंपनीत तू आणि मी, दोघंच उरलोय. त्या पहिल्या आठवड्यात आस्थापना विभागाच्या बाईंनी आपल्याला ओळीत बसवून शिक्का मारायला शिकवलं होतं, आठवतं? कागदावर चौकोनांची रांग, एका टोकाला मोठे साहेब, दुसऱ्या टोकाला आपण. आपला शिक्का साहेबांच्या चौकोनाकडे जरा कलता मारायचा, म्हणजे नाव नमस्कार करतंय असं दिसतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तू मात्र विचारलंस, ‘शिक्क्याला पाठीचा कणा नसतो का?’ बाईंना हसावं की रागवावं कळेना. तेव्हापासून तू कायम सरळ मारत आलास. तुझ्या शिक्क्याच्या कडेला तो टवका आहे, पहिल्याच वर्षी जिन्यावरून पडला तेव्हाचा. तू नवा घेतला नाहीस, चालतंय म्हणालास.

आणि उलट्या शिक्क्याचं आपल्याला गोदामाच्या म्हाताऱ्या प्रमुखाने सांगितलं होतं. शिक्का मारला म्हणजे मी कागद अडवत नाही, पण उलटा मारला म्हणजे मला हे पटलेलं नाही. मग ज्याचा कागद असेल त्याने कामं टाकून त्या माणसाकडे जायचं, समोर बसायचं आणि काय खुपतंय ते विचारायचं. तोवर कागद पुढे सरकवायचा नाही. कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नाही हे, पण कंपनीत सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून आता लिहिते. सप्टेंबरात तुझा शिक्का उलटा होता. मी तो पाहिला होता.

तो चुकून उलटा पडला असेल, असं मी पहिली दहा मिनिटं स्वतःला सांगून पाहिलं. पण टवका नेहमी तुझ्या शिक्क्याच्या वरच्या डाव्या कडेला असतो, तो खाली उजवीकडे होता आणि ठसा असा ठसठशीत होता की कागदाच्या मागून हाताला लागत होता. एवढा जोर लावून चुका होत नाहीत.

मी यायला हवं होतं. आले नाही. आणखी आहे सांगण्यासारखं, पण आज हात चालत नाही. जेवणाची सुट्टीही संपत आली.

फुमि


गिफू, ३ फेब्रुवारी

इसोबे,

आज दाणे फेकून राक्षस पळवायचा दिवस. ऑफिसात सकाळी नव्या मुलींनी भाजक्या सोयाबीनच्या पुड्या वाटल्या आणि साहेबांना राक्षसाचा मुखवटा घालायला लावला. सगळ्यांनी हसत हसत त्यांच्यावर दाणे उधळले. मीही उधळले, जरा जोरातच. मग वयाइतके दाणे मोजून खायचे म्हणून एकावन्न खाल्ले. सतरा तारखेपासून माझं असं चाललंय: सकाळी घरातून निघताना गॅस बंद केला का ते बघायला मी दोनदा परत फिरते, आणि ऑफिसात पोचल्यावर खालचा खण दहादा ओढून बघते, कुलूप आहे ना म्हणून.

त्या खणात काय आहे ते सांगते. त्यासाठी सप्टेंबरपासून सुरुवात करावी लागेल.

शाळेची बाकं बनवून आता पोट भरणार नाही, हे तूही मानतोस. दर वर्षी शाळा मिटतायत, मुलंच नाहीत. म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या, पलंगाचे कठडे, धरायचे दांडे, हेच पुढे चालणार. हा बदल घडवायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं, तेव्हा बढतीच्या भोजनात कुणीतरी म्हणालं होतं की बाईमाणसाला दिलंय म्हणजे साहेबांना हे बुडवायचं असणार. मी हसले होते. पण ते वाक्य माझ्या कानात बसलं ते बसलंच. सप्टेंबरअखेर कागद मंजूर झाला नाही तर प्रकल्प काढून घेऊ, असं साहेबांनी सांगितलेलं. माझ्या जागी येणाराही ठरला होता.

कागद फिरवायच्या आधी एकेकाच्या कानावर घालायचं असतं, ते मी दीड महिना केलं. हिशेब विभागात तीनदा गेले. विक्रीवाल्यांबरोबर नको असताना प्यायले. गोदामाच्या प्रमुखाच्या बागेतले टोमॅटो वाखाणले. फक्त तुझ्याकडे आले नाही. शिरातानिला दिवसातून दोनच बस, म्हणजे जाऊन-येऊन पूर्ण दिवस, आणि मला वाटलं, इसोबे काय, आपलाच माणूस. तुला नुसता फोन केला. तू म्हणालास, ‘ठरवायच्या आधी एकदा जानेवारीत वर येऊन बघ.’ मी म्हणाले, जानेवारीपर्यंत थांबले तर मलाच वर पाठवतील, कायमचं. मला तो विनोद वाटला. तू हसला नव्हतास, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

मग कागद आला, तुझा शिक्का उलटा. आणि तारीख होती अठ्ठावीस.

मी त्या कागदावर चहा सांडला असं सांगितलं. नवा कागद काढला आणि हातोहात पुन्हा सगळ्यांकडे फिरवला. दुसऱ्यांदा कुणी वाचलंही नाही, शाई लावली आणि मारले. तुझा चौकोन रिकामा राहिला. स्टेशनजवळच्या शंभर येनच्या दुकानात तो फिरता स्टँड आहे ना, आडनावांच्या शिक्क्यांचा, तिथे मी जाऊन उभी राहिले. तुझं आडनाव माझ्या आडनावासारखं दुर्मीळ असतं, तर त्या दुकानात मिळालं नसतं आणि मी कदाचित घरी गेले असते. पण इसोबे दुसऱ्याच ओळीत होता. मी घेतला, सोबत एक खोडरबर घेतलं, उगाच, म्हणजे बाई नुसता शिक्का घ्यायला आली असं दिसायला नको.

तो मी तुझ्या चौकोनात मारला. आणि हात सवयीने वळला. मी तो कलता मारला, साहेबांकडे नमस्कार करत.

साहेबांनी कागद पाहून मान वर केली आणि म्हणाले, ‘नमला म्हणायचा इसोबे एकदाचा.’ मी हसले.

म्हणजे सतरा तारखेला तू त्या कागदात काय बघत होतास ते मला माहीत आहे. टवका नाही. नाव वाकलेलं. तोवर तुला वाटत असणार, आपला उलटा शिक्का पाहूनही फुमिने कागद दामटला. त्या क्षणी तुला कळलं की त्याहून वाईट झालंय. तरी तू ‘माझाच’ म्हणालास. का म्हणालास, इसोबे? मी तुझ्या नजरेची वाट बघत होते आणि तू एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस.

खालच्या खणात तुझा खरा कागद आहे. तो मी फाडला नाही. का नाही फाडला ते मलाही सांगता येत नाही.

फुमि


गिफू, ८ फेब्रुवारी

इसोबे,

तू उत्तर देणार नाहीस हे मी धरून चालले आहे. पत्रं परत येत नाहीत, एवढ्यावरच लिहिते.

आज इस्पितळात गेले होते. पॉलिश खात्यातल्या ताकी-सानच्या आईला वरून इथे गिफूला हलवलंय. अहवालात मी एक ओळ लिहून ठेवली होती, ‘एका कर्मचाऱ्याच्या कुटुंबीयास किरकोळ इजा’. साहेबांना ती ओळ आवडली होती. मला वाटलं, ओळ लिहिलीच आहे तर माणूस बघून यावं.

किरकोळ म्हणजे उजव्या पायाची दोन बोटं काढली आहेत. म्हातारी अठ्ठ्याऐंशी वर्षांची, पलंगात कुठे आहे ते शोधावं लागतं एवढीशी. झोपली होती. ताकी-सान सफरचंद सोलत बसली होती, मला बघून उठली आणि तिनेच माझी माफी मागितली, आमच्यामुळे कंपनीला त्रास म्हणून. मला कुठे बघावं कळेना.

मग तिनेच हळूहळू सांगितलं. तू जेवणाच्या सुट्टीत तिला घरी जाऊ द्यायचास, हे मला माहीत नव्हतं. फाटकापासून दहा मिनिटांवर घर. जायची, आईला भात भरवायची, पाय चोळायची, परत यायची. वीस मिनिटं जास्त लागली तर संध्याकाळी भरून काढायची. अकरा वर्षं असं चाललं आणि कुठल्याच नोंदीत नाही, म्हणून माझ्या योजनेतही नव्हतं. माझ्या तक्त्यात तिच्या नावापुढे ‘प्रवास: पन्नास मिनिटं, सोयीस्कर’ असं आहे. ती पन्नास मिनिटं मी ऑगस्टमध्ये मोजली होती, नागोयाच्या सल्लागारांबरोबर, थंडगार गाडीत बसून. वर तुझ्या दारावरून गेलो तेव्हा उशीर होईल म्हणून उतरलेही नाही.

डिसेंबरपासून तिने म्हातारीला दिवसा वृद्धांच्या केंद्रात न्यायला गाडी येईल अशी सोय केली होती. चौदा तारखेला बर्फात ती गाडीही आली नाही. बस खिंडीत, फोन लागत नाही. दुपार झाली, लेक जेवायला आली नाही, म्हणून म्हातारी लेकीला बघायला निघाली, घरातल्या सपाता घालून. गेली कुठे, तर कारखान्याच्या फाटकाशी. पॉलिशचं खातं महिन्यापूर्वी खाली हलवलं हे तिच्या लक्षात राहत नाही. तू आतून बर्फ काढत फाटकापर्यंत आलास आणि ती तिथे बसलेली दिसली. ताकी-सान म्हणाली, तू तिला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत चालत गेलास. तू चौकशीत हे काहीच बोलला नाहीस. तुला कुणी विचारलंही नाही. मीही नाही.

निघताना म्हातारी जागी झाली. माझ्याकडे बघून तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, ‘कारखाना आज बंद होता गं. फाटक लावलेलं.’ मी म्हणाले, हो आजी, बंद होता. खाली आले आणि इस्पितळाच्या बाकावर बसून रडले. म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या करायला निघाले होते मी. हस तू खुशाल, हसण्यासारखंच आहे.

ती ओळ मी खोडली आहे. त्या जागी काय लिहायचं ते अजून लिहिलेलं नाही.

फुमि


गिफू, १३ फेब्रुवारी

इसोबे,

उद्या बैठक. कामाच्या यादीत पाच ओळी लिहिल्या आणि पाचही ओळींत एकच गोष्ट लिहिली: खण.

साहेबांनी मला सकाळी बोलावून दोन गोष्टी सांगितल्या. तुझ्या बाबतीत ते ‘स्वेच्छेने निवृत्ती’ म्हणणार आहेत, बडतर्फी नाही. तू शिक्का कबूल केलास म्हणून ही मेहेरबानी. आणि तू गेलास की वरचा कारखाना मार्चअखेर पूर्ण बंद. लाकूड वाळवायचं आणि कापायचं खातंही खाली. उरलेली वीस माणसंही बसने. हिमवृष्टी अनपेक्षित होती, तेव्हा ती पुन्हा होईल असं धरून चालता येणार नाही, असं साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांनी चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हटलं.

खिंडीच्या नोंदी मी रस्ते खात्यातून मागवल्या. तू पाठवल्या नाहीस ते योग्यच केलंस, ते माझं काम होतं. दहा वर्षांत असा एकही जानेवारी नाही की खिंड बंद पडली नाही. मला सप्टेंबरात एक फोन करून हे कळलं असतं.

मी खण उघडला तर काय होईल, याचा हिशेब केला. माझी नोकरी जाईल, बहुतेक. खोटा शिक्का हा पोलिसांचाही विषय होऊ शकतो, असं आमच्या कायदे विभागाचा माणूस मागे दुसऱ्याच कुणाबद्दल म्हणाला होता. माझ्या आईला काय सांगायचं हा वेगळाच प्रश्न. नाही उघडला तर तू जाशील, मला बढती मिळेल आणि पुढल्या जानेवारीत एकावन्न माणसं खिंडीतून येतील. हे सगळं मी नीट मांडलं, माझं कामच आहे ते, आणि मांडून झाल्यावरही मला भीतीच वाटत होती. वाटलं होतं, एकदा ठरवलं की भीती जाईल. ती काही जात नाही.

तुझ्यावर मला रागही आहे, हे आता लिहून टाकते. तू ‘माझाच’ म्हणून मला वाचवलंस असं तुला वाटत असेल. तू मला त्या कागदाबरोबर एकटीला सोडून गेलास. सरळ ‘नाही’ म्हणाला असतास तर माझं त्याच दिवशी संपलं असतं.

फुमि


गिफू, १५ फेब्रुवारी

इसोबे,

झालं. क्रमाने सांगते, नाहीतर मला सांगता यायचं नाही.

काल चौदा फेब्रुवारी, म्हणजे बायकांनी ऑफिसातल्या पुरुषांना द्यायची रिवाजाची चॉकलेटं. व्यवस्थापनात मी एकटीच बाई, त्यामुळे सात संचालकांना सात डबे द्यायचं काम दर वर्षी माझ्याकडे असतं. खण उघडायच्या दहा मिनिटं आधी मी हसत हसत डबे वाटत होते. कात्सुरागी साहेब म्हणाले, यंदा माझा डबा मोठा दिसतोय. सगळे तेवढेच होते.

अहवालाची पाळी आली तेव्हा मी दोन कागद टेबलावर ठेवले. डावीकडे मंजूर झालेला. उजवीकडे तुझा खरा, उलट्या शिक्क्याचा. आणि त्यांच्यामध्ये शंभर येनच्या दुकानातला तो प्लास्टिकचा शिक्का. मी काय केलं ते सांगितलं, बसून नाही, उभी राहून. मग मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही, म्हणून त्यांचे चेहरे मला दिसले नाहीत.

शेवटी साहेब उठले, तुझा कागद उचलला, माझ्या हातात दिला आणि अगदी प्रेमाने म्हणाले, ‘नाओए-सान, तुम्ही दमला आहात. हा परत खणात ठेवा. मंजूर झालेला कागद सगळ्यांचा असतो, तो कुणा एकाचा राहत नाही.’

इसोबे, मला किती मोह झाला ते तुला सांगते. दार उघडं होतं. नुसतं खाली जायचं, खण लावायचा. सगळ्यांनीच नजरा फिरवल्या होत्या, तेवढ्यासाठीच.

मी म्हणाले, ‘सगळ्यांचा असता तर चौकशीला एकट्या इसोबेंना बोलावलं नसतं. हा कागद माझा आहे. उलटा शिक्का पाहून मी गेले नाही, ती चूकही माझीच आहे.’ आणि कागद परत टेबलावर ठेवला. मग इस्पितळातली आजी सांगितली, सपाता सांगितल्या, तुझ्या पाठीवरून नेलेलं सांगितलं. ते अहवालात नव्हतं. अध्यक्ष एरवी बैठकीत डुलक्या काढतात, ते खिंडीच्या दहा वर्षांच्या नोंदी वाचत होते. त्यांनी एवढंच विचारलं की हे आपल्याला सप्टेंबरात का दाखवलं नाही. मी म्हणाले, तेव्हा मी त्या मागवल्याच नव्हत्या.

निकाल असा. तुझ्यावरचा ठपका काढला आहे, तू सोमवारी कामावर ये. तसं पत्र येईल. बस बंद, पॉलिशचं खातं हिवाळा संपेपर्यंत पुन्हा वर. मार्चची कारखानाबंदी थांबवली आहे, रद्द केलेली नाही. माझं पद काढून घेतलं आहे. पोलिसात जायचं की नाही ते अध्यक्ष ठरवणार. तोवर मला आस्थापना विभागात जिन्याजवळचं टेबल दिलंय आणि एक काम दिलंय, तेही अध्यक्षांनी, साहेबांनी नाही. वरच्या कारखान्याचं पुढे काय करायचं याची नवी योजना, तीस दिवसांत. एक अट आहे. कागद माझ्या हातून निघेल तो आधी तुझ्याकडे जाईल, मग बाकीच्यांकडे.

तुझी माफी मागायला मला वाक्य सापडत नाही. सापडलं की लिहीन.

फुमि


गिफू, २७ फेब्रुवारी

इसोबे,

तू सोमवारी कामावर गेलास, हे मला ताकी-सानकडून कळलं. मला तू काही लिहिलं नाहीस. बरोबर आहे.

एकोणीस तारखेला मी तुला नवी योजना टपालाने पाठवली. पाच रात्री झोपले नव्हते, पण ती मला चांगली वाटत होती. पॉलिश आणि जोडणी वरच ठेवायची, म्हाताऱ्यांच्या खुर्च्या शिरातानितच पूर्ण करायच्या, खाली फक्त गोदाम आणि विक्री. जेवणाची सुट्टी दीड तासाची, नोंदीत लिहून. मला वाटलं, यात इसोबेला न पटण्यासारखं काय असणार. पाकिटावर तिकीट लावताना मी चक्क गुणगुणत होते.

आज सकाळी जिन्याजवळच्या टेबलावर तुझं पाकीट आलं. आत माझाच कागद. पत्र नाही, चिठ्ठी नाही, समासात एक खूणही नाही. पहिल्या चौकोनात तुझा शिक्का, ताठ, कडेला टवका, ठसठशीत.

उलटा.

समोरच्या मुलीने विचारलं, काही वाईट बातमी आहे का. मी म्हणाले, माहीत नाही, विचारायला जावं लागेल. भीती वाटली, अजून वाटतेय. त्यात आनंदही होता, पण तो वेगळा काढता येत नव्हता. ज्याला माझ्याशी बोलायचंच नाही तो उलटा शिक्का मारायची तसदी घेत नाही, एवढं मला एकोणतीस वर्षांत कळलंय.

उद्या रजा टाकली आहे. प्रवासी बस आठ दहाची. जानेवारी नाही, पण खिंडीत अजून कमरेइतका बर्फ आहे म्हणतात, आणि दुपारनंतर आणखी पडणार आहे. बूट आजच घेतले, दुकानदाराने मोठेच दिले. भीती वाटते, रस्त्याची कमी, तुझ्या दाराची जास्त. तू दार उघडलं नाहीस तर परतीची बस चारला आहे. तोवर मी फाटकाशी उभी राहीन.

हे पत्र टपालात टाकत नाही, हातातच घेऊन येते. मी काही समजवायला येत नाही, योजनेची बाजू मांडायलाही नाही. वही कोरी घेतली आहे. समोर बसेन आणि विचारेन, काय पटलं नाही. सप्टेंबरातच विचारायला हवं होतं.

फुमि